लाँच कुठली?

‘आप्पा, शनिवारी आमची लाँच आहे. घरी येत नाही.’

‘लाँच आहे तर येत का नाहीस?’ आप्पा फोनवर गोंधळले. ‘रेवसची की मोऱ्याची?’

त्यांची लाँच भाऊच्या धक्क्यावरून सुटते, माझी प्रोजेक्टरवरून! डिक्शनरी उघडली, तर हे शब्दच दोन निघाले. बोटवाली लाँच स्पॅनिश ‘लांचा’वरून आलेली. जहाज पाण्यात ढकलायचं, रॉकेट उडवायचं, नवा साबण बाजारात आणायचा, ती लाँच जुन्या फ्रेंचमधली, भाला फेकण्याशी नातं सांगणारी.

म्हणजे बघा, एक भिरकावते आणि दुसरी घरी नेते. सलग तीन वीकएंड मी भिरकावलेलाच आहे, बॉस! शनिवारची उरकली की रविवारी सकाळी थेट धक्का.

रेवसचीच, आप्पा!