कोळशाची रेघ

घरातल्या पोट्ट्यानं कोळशानं भिंतीवर रेघोट्या ओढल्या की आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "झाली ना भिंत खराब!" आणि लगेच आपण ओलं फडकं आणतो. पण आपल्याच विदर्भातल्या एका मुलानं हाच कोळसा हाती धरून देशोदेशीच्या मोठमोठ्या भिंती भरून काढल्या. त्याचं नाव प्रभाकर पाचपुते.

१९८६ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावात तो जन्मला. गाव कोळसा खाणींचं, आणि घरातली माणसंही खाणीत राबलेली. खैरागड आणि बडोदा इथे तो शिल्पकला शिकला. २०१२ मध्ये मुंबईत त्याचं प्रदर्शन झालं. पुढे २०१४ मध्ये ब्राझीलमधलं साओ पाउलो आणि आपलं कोची, २०१५ मध्ये इस्तंबूल. २०२१ मध्ये वेल्समधला 'आर्टेस मुंडी' पुरस्कार सहा कलावंतांना मिळून दिला गेला, त्यांत तो होता. वेल्सही एके काळी खाणींचाच मुलूख. तिथल्या कामगारांचं दुखणं चंद्रपूरच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागलं नसेल.

तो काढतो तरी काय? खाणकामगार, गेलेली शेतं, पोखरलेली जमीन. कुठे माणसाच्या डोक्याच्या जागी अवजार. भिंतीवरची ही चित्रं बहुधा प्रदर्शन संपलं की पुसली जातात. आपल्या अंगणातल्या रांगोळीसारखीच की! अकोल्याजवळच्या पारसला कोळसा जळतो, तेव्हा वीज तयार होते. बटण दाबताना त्या कोळशामागचा माणूस आपल्याला कुठे आठवतो? तो ही चित्रं आठवून देतात.

मला खरं बोलायचंय ते आपल्याबद्दल. मुलगी इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी आणते, आपण शेजारीपाजारी पेढे वाटतो. दहावी झाली की मात्र म्हणतो, "चित्रं काढून पोट भरते का बाई?" मुलाच्या बाबतीत निदान घरात भांडण तरी होतं. मुलीची रंगपेटी मुकाट्यानं माळ्यावर जाते. तिच्या वाट्याला उरते फक्त दिवाळीची रांगोळी.

प्रत्येकीची लेक मोठी चित्रकार होईल, असं मी म्हणत नाही. या वाटेवर पैसा उशिरा येतो, कधी येतही नाही. पण प्रवेशाचे अर्ज भरताना कला महाविद्यालयाचाही एक अर्ज आणा. आणि "लोक काय म्हणतील" याआधी तिला विचारा, "तुला काय काढावंसं वाटतं?"