बाळाची दिवसाची झोप, रात्रीची झोप

"लेकरू दिवसभर झोपतं अन् रात्रभर जागवतं." नांदेड-लातूरकडच्या वस्त्यांत बाळंतिणीची ही तक्रार नेहमीची. मग कोणी दृष्ट काढते, कोणी गंडा बांधते. आम्ही सांगतो, भगिनींनो, यात दृष्ट नाही की करणी नाही. नव्या बाळाच्या शरीरातले दिवस-रात्रीचे घड्याळ लागायला दोन-तीन महिने जातात. तोवर ते चोवीस तासांत 14 ते 17 तास झोपते, पण तुकड्यातुकड्याने. पोट लहान असते, म्हणून दर दोन-तीन तासांनी दुधासाठी उठते.

हे घड्याळ उजेड-अंधाराने लागते. म्हणून दिवसा बाळ झोपले तरी घर अंधारे करू नका. भांड्यांचा आवाज, बोलणे चालू द्या. रात्री मात्र दिवा मंद ठेवा, टीव्ही-मोबाइल बंद करा. दूध पाजा, दुपटे बदला, पण खेळवू नका. बाळाला पाठीवर निजवा, तोंडावर पांघरूण नको. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात गच्च गुंडाळू नका.

दिवसा जागे ठेवले की रात्री गाढ झोपेल, हा गैरसमज आहे. अति थकलेले बाळ जास्तच रडते. सहा महिन्यांच्या बाळाला दिवसा दोन-तीन झोपा लागतात. दीड वर्षाच्या सुमारास एक पुरते. फक्त संध्याकाळची झोप लांबू देऊ नका.

एक गोष्ट कधीच करू नका. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या आया लेकराला अफूची बाळगोळी देत. ती झोप नव्हे, गुंगी होती. पण त्या माउल्यांना दोष कसा द्यावा? पाळी चुकवली तर चूल बंद. बाळंतपणात स्त्री-कामगारांना पगारी विश्रांती मिळावी, या विधेयकाला बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात पाठिंबा दिला, तो याच माउल्यांसाठी. 1929 साली कायदा झाला. आजही झोपेसाठी अफू, खोकल्याचे औषध, दुकानातली गोळी बाळाला देऊ नका.

रात्रीचे जागरण एकट्या आईच्या वाट्याला नको. दूध पाजून झाल्यावर बापाने बाळ खांद्यावर घ्यावे. आईने दिवसा बाळाबरोबर तासभर निजावे. घरच्यांनी तेवढे काम उचलावे.

बाळ उठवूनही उठत नसेल, दूध ओढत नसेल, अंग तापले असेल, तर वाट न पाहता सरकारी दवाखाना गाठा.