अश्रू पुरेसे, तरी डोळे कोरडे
बंगळुरू : डोळ्यांच्या कोरडेपणाच्या तपासणीत आजही वापरली जाणारी शिर्मर चाचणी १९०३ सालची आहे. खालच्या पापणीत अडकवलेली कागदी पट्टी पाच मिनिटांत दहा मिलिमीटरपेक्षा अधिक भिजली, की अश्रुनिर्मिती सामान्यतः पुरेशी मानली जाते. मात्र ते अश्रू डोळ्यावर किती वेळ टिकतात, हे पट्टी सांगत नाही. संगणकासमोर पापण्या कमी मिटतात आणि अश्रू उडून जातात. त्यामुळे माहिती तंत्रज्ञानाच्या या शहरात केवळ पट्टीवर विसंबल्यास अहवाल निर्दोष आणि जळजळ कायम, असे घडू शकते. येथील नारायण नेत्रालयातील संशोधकांनी २०१९ मध्ये अशा बाष्पीभवनजन्य कोरडेपणात अश्रूंमधील वेदनेशी संबंधित घटकांचे संतुलन बिघडल्याचे दाखवले. तक्रार काल्पनिक ठरवणे त्यानंतर अवघड आहे. अश्रुपटल किती सेकंदांत फाटते, हे पाहण्यास फ्लोरेसिन रंग आणि स्लिट लॅम्प पुरतो.