गावाचं तळं कोणत्या रकान्यात?

राजाजीनगरात मी भाड्याने राहते. खालच्या मजल्यावरच्या दहावीतल्या मुलीला अधूनमधून भूगोल शिकवते. एनसीईआरटीच्या पुस्तकातला पहिलाच धडा संसाधनांचा. मालकीवरून चार प्रकार: वैयक्तिक, सामुदायिक, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय. सामुदायिकची उदाहरणं गायरान, स्मशानभूमी, गावतळं. ती तिथल्या सगळ्यांना 'डी फॅक्टो', म्हणजे प्रत्यक्ष व्यवहारात खुली असतात, असं धडा सांगतो.

कायद्याने खुली, असं म्हटलं असतं तर मी वाद घातला नसता. पण प्रत्यक्षात? गावात जात कुठे सर्वांत कडक पाळली जाते याची यादी करायला बसलात, तरी हीच तीन नावं येतील.

तळ्याचं घ्या. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं अस्पृश्यांना खुलं करण्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतची माणसं तिथे पाणी प्यायली. सवर्णांनी तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला आणि डिसेंबरमध्ये सवर्ण कोर्टात गेले. त्यांचा दावा काय? तळं सार्वजनिक नाहीच, खासगी आहे! गुरंढोरं पाणी पीत होती तोवर ही मालकी कुणाला आठवली नव्हती. दलितांची ओंजळ लागली आणि संसाधनाचा प्रकारच बदलला. मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचं अपील फेटाळलं, तेव्हा १७ मार्च १९३७ उजाडला होता.

(राजाजीनगरच्या नळाला कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून येतं. नळ आडनाव विचारत नाही. घर दाखवणारे विचारतात, तेही दोनदा.)

गायरानाची गत तीच. गावची गुरं चरतात तोवर ते सामुदायिक. भूमिहीन दलिताने नांगर घातला की लगेच 'सरकारी जमिनीवरील अतिक्रमण'. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ मध्ये लोकांनी तुरुंग भरले ते भूमिहीनांना पडीक जमीन मिळावी म्हणून. सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा जगपाल सिंग निकाल सगळ्यांना पाठ आहे. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ठेवलेला अपवाद मात्र कुणी वाचून दाखवत नाही.

स्मशानभूमीवर फार लिहायला नको. कितीतरी गावांत ती जातवार वेगळी आहे.

धडा लिहिणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. 'मालकी कोणाची' याच्या शेजारी 'वापरू कोणाला देतात' असा रकाना घाला. आणि चवदार तळं इतिहासाच्या पुस्तकापुरतं ठेवू नका, भूगोलाच्या या धड्यात आणा.