एकच प्रश्न, हजार आकडे

27 एप्रिल 2025 रोजी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेच्या एका सत्रात गणिताच्या 50 पैकी 21 प्रश्नांत घोळ निघाला. सत्तावीस हजारांवर मुलांना 5 मे रोजी पुन्हा परीक्षा द्यावी लागली. जबाबदार कोण, यावर बरीच आरडाओरड झाली. प्रश्न तयार होतात कसे, हे मात्र विचारायचे राहूनच गेले.

आपल्याकडे परीक्षा संगणकावर गेली, प्रश्न मात्र वर्डच्या फायलीतच राहिला. पुणे विद्यापीठाने इंजिनीअरिंगच्या 2012 च्या अभ्यासक्रमात ऑनलाइन परीक्षा आणली. पुढे काय झाले ते कुठल्याही माजी विद्यार्थ्याला विचारा. प्रश्नांच्या पीडीएफ फिरू लागल्या, झेरॉक्सवाल्यांची चांदी झाली आणि मुले गणित सोडवायच्या ऐवजी ‘हा प्रश्न आला की सी’ एवढेच पाठ करू लागली.

यावरचा इलाज जुना आहे, आणि फुकटही. आर या संख्याशास्त्राच्या मुक्त संगणकभाषेत ‘एक्झाम्स’ नावाचे पॅकेज आहे. बेटिना ग्र्यून आणि आखिम त्साइलाइस यांनी 2009 मध्येच त्यावर शोधनिबंध लिहिला. इथे शिक्षक प्रश्न लिहितो तो छोट्या प्रोग्रॅमसकट. आकडे कसे निवडायचे, प्रश्नाचा मजकूर काय, उत्तर कसे काढायचे आणि किती फरक चालवून घ्यायचा, सगळे एकाच फायलीत. त्याच फायलीतून छापील प्रश्नपत्रिका निघते आणि मूडल या ऑनलाइन शिक्षणप्रणालीवरची चाचणीही.

उदाहरण पुण्याच्या मार्केट यार्डातले घेऊ. आडत्याकडे 24 गोण्या कांदा आला, गोणी 50 किलोची, भाव 10 किलोला 180 रुपये. पट्टी कितीची? 21,600. शेजारच्या मुलाला 31 गोण्या आणि 220 रुपये भाव येईल, त्याचे उत्तर 34,100. मान वळवून उपयोग नाही. चुकीचे पर्यायही सूत्रानेच काढायचे. भाव किलोचा समजणाऱ्याला दसपट रक्कम मिळते, गोणीचा समजणाऱ्याला पाचवा हिस्सा, आणि गोण्यांनी गुणायला विसरलेल्याला एकाच गोणीचे पैसे. कोणता पर्याय किती मुलांनी निवडला यावरून वर्गाचे कुठे अडते ते मास्तरांना कळते. मला यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

आता गंमत पाहा. आकडे निवडताना गोण्यांची संख्या 1 आली तर? विसरलेल्या मुलाचे उत्तर आणि बरोबर उत्तर एकच! म्हणून आकडे कुठून कुठपर्यंत घ्यायचे हे शिक्षकालाच ठरवावे लागते. पण असली खोट परीक्षेच्या आधी सापडते. हजार प्रती काढा, दोन पर्याय सारखे येतात का ते संगणकालाच तपासू द्या. परीक्षेनंतर मुलाने हरकत घेतली, तर यादृच्छिक आकड्यांचे मूळ बीज, म्हणजे ज्या संख्येवरून ते आकडे निघाले ती संख्या, नोंदलेले असते. त्यावरून त्याचीच प्रश्नपत्रिका जशीच्या तशी पुन्हा काढता येते.

सगळेच यात बसत नाही. सिद्धता किंवा निबंध तपासायला माणूसच लागतो. शिवाय असा एक चांगला प्रश्न लिहिण्यात अख्खी दुपार जाते, आणि ती दुपार आज प्राध्यापकाच्या कार्यभारात सहसा धरली जात नाही. खरी अडचण इथे आहे, सॉफ्टवेअरमध्ये नाही. सॉफ्टवेअर तर घरचेही आहे. आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने ‘यक्ष’ नावाची मुक्त परीक्षाप्रणाली केली आहे. मुलाने लिहिलेला प्रोग्रॅम ती चालवून पाहते आणि गुण देते.

सुरुवात स्वायत्त कॉलेजांना करता येईल. उदाहरणार्थ, पुण्याच्या बिबवेवाडीतले विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी 1983 पासूनचे, आता स्वायत्त. स्वायत्त म्हणजे प्रश्नपत्रिका स्वतःच्या हातात. पुण्यात अशी कॉलेजे बरीच आहेत. त्यांनी पहिल्या वर्षाच्या गणितापुरते एकत्र यावे, शंभर प्रश्न या पद्धतीने लिहावेत आणि सर्वांसाठी खुले ठेवावेत. प्रश्न आधीच दिसले तरी बिघडत नाही, आकडे तर परीक्षेच्या दिवशीच ठरणार. सीईटी कक्षाने ते शंभर प्रश्न मागून न्यावेत, आणि विद्यापीठाने निदान प्राध्यापकांची ती दुपार कामाच्या तासांत धरावी.