कडवटपणा नेमका कुणाचा तपासायचा?

राखेच्या बुधवारी कपाळाला राख लागली की आमच्या वसईत एक विषय हमखास निघतो... मनातला कडवटपणा! प्रवचनात निघतो, रिट्रीटमध्ये निघतो, घरी रोझरी आटोपल्यावरही निघतो. अंतःकरण तपासा, कुणाविषयी अढी असेल तर काढून टाका, क्षमा करा. विषय चांगलाच आहे. इब्री लोकांना लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात कडूपणाला मुळाची उपमा दिली आहे. मूळ वेळीच उपटलं नाही तर काय होतं, हे वाडी करणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पण एक गोष्ट मला खटकते आणि आज ती स्पष्टच लिहितो. हे तपासायचं काम नेहमी ज्याचं नुकसान झालंय त्यालाच का सांगतात?

वाडीच्या वाटणीचंच घ्या. बाप मृत्युपत्र न करता गेला, तर ख्रिस्ती घराला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. आई असेल तर तिला एक तृतीयांश, उरलेल्यात मुलगा आणि मुलगी यांना सारखा वाटा. केरळच्या मेरी रॉय यासाठी सख्ख्या भावाविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या, तेव्हा १९८६ मध्ये तिथल्या ख्रिस्ती बायकांना हा कायदा लागू असल्याचा निकाल आला. आपल्याकडे तर तेवढं भांडायचीही गरज नव्हती. कायदा होताच!

आणि घडतं काय? बहिणीला सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात नेतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. सही केली नाही तर माहेर तुटेल, हे कुणी बोलत नाही, पण तिला ते कळतं. वाडीत केळी आणि पानवेली होत्या तोवर हे खपून गेलं. मग बावखलं बुजली, इमारती उभ्या राहिल्या, जमिनीला सोन्याचा भाव आला. आता एखादी बहीण विचारते, "दादा, माझं काय?" की लगेच उपदेश सुरू. "ताई, मनात कडवटपणा ठेवू नको. प्रार्थना कर."

दादाला कुणी सांगतं का प्रार्थना कर म्हणून?

कुणी म्हणेल, कित्येक बहिणी आनंदाने सही करतात. करत असतील, त्यांच्याविषयी माझं काहीच म्हणणं नाही. पण जिथे 'नाही' म्हणायची सोय आहे, तिथलंच 'हो' आनंदाचं.

मत्तयच्या पाचव्या अध्यायातला वेदीचा प्रसंग आपण सगळ्यांनी शंभर वेळा ऐकलाय. जरा नीट वाचा. अर्पण तिथेच ठेवून समेट करायला कुणी जायचंय? आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, हे ज्याला वेदीपाशी आठवतं त्याने. म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने उठायचंय! जक्कयाने लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं. लुबाडलेल्यांनी आधी मन साफ करावं, असं येशूने तिथे कुणाला सांगितलं नाही.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची हिरवाई वाचवायला लोक रस्त्यावर उतरले, फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. तो राग होता आणि त्या रागाचा आपल्याला आजही अभिमान आहे. मग जमिनीसाठी आपण रागावलो तर ती चळवळ, आणि त्याच जमिनीसाठी बहीण रागावली तर तो कडवटपणा? हा कुठला न्याय?

राग आणि कडवटपणा या दोन गोष्टी आहेत. रागाला न्याय हवा असतो. कडवटपणाला समोरच्याचं वाईट झालेलं हवं असतं. ओडिशात मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जिवंत जाळलं. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली. खटला मात्र चालला आणि २००३ मध्ये शिक्षाही झाली. क्षमेमुळे न्याय अडला नाही.

म्हणून हृदय तपासायला माझा विरोध नाही. १३९ वं स्तोत्र लिहिणारा आधी आपला सगळा द्वेष देवापुढे उघडा मांडतो आणि मगच म्हणतो, आता माझं अंतःकरण तपासून बघ. मीही झोपण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. ज्याच्याशी माझं भांडण आहे त्याचं नाव घेऊन मला त्याचं भलं मागता येतं का? आणि ज्याचं माझ्याशी भांडण आहे त्याचं काही माझ्याकडे राहिलंय का? पहिला प्रश्न अवघड आहे. पण आपल्या गावात दुसरा कुणी विचारतच नाही.

यंदा पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहाल तेव्हा बहिणींनी कडवटपणा तपासावा, जरूर तपासावा. भावांनी मात्र येताना सातबारा एकदा वाचून यावं.