सौंदर्य ही चैन नव्हे

‘आधी पोटोबा, मग विठोबा’ या म्हणीचा आधार घेऊन कलेला लोककल्याणाच्या पंगतीतून उठविणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. अवर्षण, भूकंप आणि दारिद्र्य यांनी गांजलेल्या मराठवाड्याला सौंदर्याची चर्चा हवी कशाला, असा त्याचा सवाल असतो. सवाल मराठवाड्याच्या नावाने केला जातो, तेव्हा उत्तरही तेथलेच देणे उचित होय.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाची रात्र सरता सरता, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे दगावली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व त्यांवरील माळवदाचा भार हाच अनेकांचा काळ ठरला, हे निर्विवाद आहे. त्या भिंतींची आरती ओवाळण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. शासन, जागतिक बँक व अनेक सेवाभावी संस्था यांचे हे कार्य प्रचंड होते, हेही आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो.

परंतु ही गावे आखली कशी गेली? कागदावर सरळ रेघा ओढल्या गेल्या. जमिनीच्या मालकीनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे ठरली, आणि बहुतेक ठिकाणी ती त्याच प्रतवारीने रांगांत मांडली गेली. वाड्याचा चौक, बायकांना आडोसा देणारे अंगण, बसाउठायची ओसरी, पिढ्यांचा शेजार यांना त्या रेघांत जागा मिळाली नाही. परिणामी रहिवाशांनीच मागाहून आवारभिंती घातल्या, पडव्या काढल्या. जे चैन म्हणून गाळले होते, ते लोकांनी गरज म्हणून पदरच्या पैशाने परत आणले. ही भर घालताना भूकंपाचा विचार दर वेळी झाला असेल, असे कोण म्हणेल? रचनेतील सौंदर्यदृष्टी नाकारल्याने सुरक्षितताच उणावते, ती अशी.

सुरक्षितता व देखणेपण एकत्र नांदत नाहीत, हा आक्षेपही टिकत नाही. याच लातूर जिल्ह्यात बाणेगावच्या घरांची रचना लॉरी बेकर यांच्याकडे सोपविण्यात आली होती. आणि स्थानिक साहित्य, अल्प खर्च व सौंदर्य यांचा मेळ घालण्यातच त्या वास्तुशिल्पज्ञाची हयात गेली. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी सौंदर्यशास्त्र व समाजचिंतन हे दोन्ही व्यासंग एकाच लेखणीने चालविले. त्यांच्या भूमीत तरी या दोहोंत वैर मानले जाऊ नये.

नांदेड जिल्ह्यात लेंडी प्रकल्पापायीही गावांवर उठण्याची पाळी आली. अशा प्रत्येक पुनर्वसनाच्या आराखड्यापाशी अभियंत्याच्या शेजारी वास्तुकलेचा जाणकार व त्या घरात नांदणारी गृहिणी यांना प्रारंभीच बसविले पाहिजे. घरे बांधून झाल्यावर भिंतींवर चित्रे काढून घेणे म्हणजे कलेला स्थान देणे नव्हे.